मध्यंतराचा बँड

लाइल क्रीक
८ ऑगस्ट २०२३

प्रिय रॉइस,

काल धान्याच्या कोठारावर ट्रक लावून रांगेत बसले होते. पुढच्या ट्रकमध्ये रेडिओ चालू होता, त्यावर तुमच्या लोकांचा प्रताप कळला. पोर्ट मार्लो विद्यापीठ कॉन्फरन्स सोडून निघालं. आपल्या आजोबांच्या काळापासून दहा कॉलेजं एका पंगतीला बसून फुटबॉल खेळत होती. टीव्हीवाल्यांनी जास्त पैसे दाखवल्याबरोबर तुमचे लोक भरल्या पानावरून उठले. आता म्हणे तुमची पोरं सामने खेळायला देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीला जाणार. तिथल्या लोकांना तुमचं गाव नकाशावर दाखवता येईल का, हे मला एकदा बघायचं आहे.

आम्हाला कोणी मागणी घातली नाही. लाइल स्टेट पडलं गव्हाच्या आणि मसुराच्या शेतांतलं कॉलेज. टीव्हीवाले कुठल्या गावात किती टीव्ही आहेत ते मोजतात, आणि आमच्याकडे टीव्हींपेक्षा ट्रॅक्टर जास्त. बाकीच्या कॉलेजांना कोणी ना कोणी नेलं; धाकट्या सगळ्या उजवल्या, थोरली तेवढी राहिली. ह्या बाबतीतला माझा अनुभव तुला माहीतच आहे.

तू शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस, तुला कोणी विचारलं नसेल हे मला कळतं. पण रागवायला मला तुमच्या बाजूचं दुसरं कोणी माहीत नाही.

तुला तरी आठवतं ना सगळं? थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार, दुपारी एकचा सामना. एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. आणि मध्यंतरात दोन्ही बँड मैदानात उतरायचे, लाल कोटाशेजारी निळा कोट असे मिसळून उभे राहायचे आणि मिळून ‘कापणीचा वॉल्ट्झ’ ही जुनी धून वाजवायचे. आर्डिस आमच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायची. त्या वर्षी तिच्या शेजारी एक निळा कोट ट्रॉम्बोन घेऊन उभा राहिला आणि तिच्या टोपीचा तुरा त्याने वाद्याच्या सरकत्या नळीने उडवला. तो गाढव तू होतास. माझी एकुलती एक बहीण तू त्या मध्यंतरात पळवलीस, आणि मी तुला माफ केलं, कारण त्यामुळे निदान दर वर्षी एक सामना आमचा असायचा.

यंदाचा सामना तुमच्याकडे. पुढचं कोणी काही बोलत नाही, म्हणजे हाच शेवटचा. मी येणार नाही. घर सोडून चाललेल्या माणसाला निरोप द्यायला मी फाटकापर्यंतसुद्धा जात नाही. आर्डिस गेल्यावर तिच्या जागेवर मी बसले होते, ती यंदा रिकामी राहू दे.

फोन करू नकोस. फोनवर आपण दोघं हवामानावर बोलतो आणि ठेवून देतो. बोलायचं काम आर्डिसचं होतं.

वर्ना


पोर्ट मार्लो
२१ ऑगस्ट

प्रिय वर्ना,

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं, कारण ते बसून वाचण्यासारखं नव्हतं.

मला ही बातमी दाढी करताना कळली. गाल कापला. इथे कोणी पेढे वाटत नाहीये असं समज. माझ्या गल्लीत जो तो दुसऱ्याकडे बघून खांदे उडवतो. तरुण लोक म्हणतात, मोठे संघ येतील, मोठे सामने होतील. होतील बापडे. त्या मोठ्या संघांबरोबर आपलं भांडण तर नाही. ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या भांडण नाही, त्याला हरवून काय मिळणार?

दुपारी एकचा सामना म्हणालीस आणि मला मसुराच्या सूपचा वास आला. आर्डिस थर्मास गुडघ्यांत धरून बसायची. निळा कोट आणि त्यावर लाल टोपी. इकडचे लोक टोपीकडे बघून नाक मुरडायचे, तिकडचे कोटाकडे. सामना संपून बाहेर यायचो तेव्हा उजेड असायचा, आणि ज्याचा संघ हरेल त्याने जेवण रांधायचं. आता सामना किती वाजता ते आठवडाभर आधी कळतं. टीव्हीवाल्यांच्या मनात येईल तेव्हा. गेल्या वर्षी एक सामना संपला तेव्हा माझी झोपायची वेळ टळून गेली होती.

तू यायचं नाही म्हणतेस ते बरोबरच आहे. सामना रात्रीचा असणार, खिंडीत बर्फ असेल, आणि ह्या वयात तो घाट कशाला? मी तुला सगळं लिहून कळवीन.

रॉइस


लाइल क्रीक
१७ सप्टेंबर

रॉइस,

तू फार पटकन ‘बरोबरच आहे’ म्हणालास. माणूस रागावून ‘येणार नाही’ म्हणतं, तेव्हा समोरच्याने निदान एकदा ‘अगं, ये’ म्हणायचं असतं. चाळीसएक वर्षं माझ्या बहिणीबरोबर काढलीस, हे तिने शिकवलं नाही?

आणि खिंडीचं मला सांगतोस. ह्या वयात मी अजून शेजाऱ्याचा गहू भरलेला ट्रक चालवते.

कापणी झाली. शेतं आता पिवळी बोडकी दिसतात. गावात सगळ्यांचे चेहरे सुतकी. कॉलेजातल्या लोकांनी शाळेच्या जेवणघरात सभा घेतली, नव्या कॉन्फरन्सच्या शोधात आहोत म्हणाले. आमच्या पाद्रीबाईंनी उठून विचारलं, कोणी घेतलंच नाही तर? मग सगळ्यांनी कॉफी घेतली आणि घरी गेलो.

मी तुला सरळ विचारते, कारण आडून विचारायचं मला जमत नाही. आर्डिसला जाऊन अडीच वर्षं झाली. तिच्या जागेवर यंदा दुसरी कोणी बसणार असेल तर तसं सांग. मी आरडाओरडा करणार नाही. माझी बहीण समंजस होती, ती तर तिला सूपही देईल. मला फक्त दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

वर्ना


पोर्ट मार्लो
२ नोव्हेंबर

प्रिय वर्ना,

उशीर झाला. तीन वेळा लिहायला बसलो. दुसरी कोण बसणार? मी स्वतः केलेलं जेवण बघूनच बायका पळतील.

आर्डिसची जागा तशीच आहे. तिथे मी तिचा निळा कोट ठेवतो. यंदाही तो ठेवीन, आणि तुला सामन्याचं सगळं कळवीन. एवढंच लिहितो.

रॉइस


पोर्ट मार्लो
२७ नोव्हेंबर

प्रिय वर्ना,

कबूल केल्याप्रमाणे.

सामना संध्याकाळी होता. थंडी होती, पण पाऊस नव्हता. तुमची पोरं वाघासारखी खेळली, हे मी निळा असून सांगतो. पहिलं टचडाउन तुमचं. तुमचा तो बुटका धावपटू आमच्या दोन पोरांच्या मधून असा निसटला की मला हसू आलं. शेवटच्या मिनिटापर्यंत तुम्ही पुढे होतात. मग आमच्या पोराने लांबून लाथ मारली, चेंडू खांबाला घासून आत गेला आणि आम्ही जिंकलो. जिंकल्याचं काही वाटलं नाही. म्हणजे जेवण रांधायची पाळी तुझी, पण ते आता कधी, कुठे, देवाला ठाऊक.

एक गोष्ट मात्र मला लागली. मध्यंतरात दोन्ही बँड एकत्र आलेच नाहीत. वॉल्ट्झ वाजला नाही. शेवटच्या वर्षीसुद्धा त्यांना तेवढं करता आलं नाही. आर्डिसचा कोट शेजारी होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, लाज वाटली.

रॉइस


लाइल क्रीक
९ डिसेंबर

रॉइस,

बँड वाजला. मी तिथे होते.

तुझं ‘जागा तशीच आहे’ वाचलं आणि माझा राग विरघळला. बँडमधल्या मुलांच्या घरच्यांनी एक बस केली होती, तीत मी नाव घातलं. तुला कळवलं नाही. तू मैदानाकडे बघत असताना मागून यायचं, कोट उचलायचा आणि म्हणायचं, सरक. पूर्ण खिंड मी गालातल्या गालात हसत ओलांडली. शेजारची बाई मला विचारत होती, काय झालं म्हणून.

आमची तिकिटं पाहुण्यांच्या कोपऱ्यातली होती. तिथून मी अर्ध्या स्टेडियमला वळसा घालून तुमच्या बाजूला आले. जिथून आपला जिना वर जायचा तिथे गालिचा आणि दार. दाराशी एक बाई उभी होती. तिला म्हटलं, मला माझ्या मेहुण्याकडे जायचंय, वरच्या बाकावर, तो दर वर्षी तिथेच असतो. ती चांगली होती बिचारी. म्हणाली, इथली बाकं काढून दीड वर्ष होत आलं, आता सगळ्या काचेच्या खोल्या आहेत. मी वर बघितलं. काचेमागे माणसं प्लेट घेऊन उभी होती, मैदानाकडे पाठ करून. टीव्हीवर तोच सामना बघत होती.

मी खाली कठड्याशी थांबले. आणि मध्यंतरात ते सगळे आले, रॉइस. लाल आणि निळे, सगळे मिसळून. वॉल्ट्झ नेहमीपेक्षा सावकाश वाजवला, जणू संपवायचाच नव्हता. सुरुवातीला लोक बोलत होते, मग बोलायचे थांबले. आमची पोरं रडत वाजवत होती आणि तुमचीही. मी कठडा धरून इतकी रडले की एका निळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने मला रुमाल दिला. बाकं गेली म्हणून रडले नाही. एवढं वाजत होतं आणि ‘ऐकतोयस ना?’ म्हणायला शेजारी माणूस नव्हतं, म्हणून रडले.

तुझं घर तिथून चालत जाण्यासारखं. गेले नाही. मला वाटलं, येऊ नको म्हणाला तो ह्याचसाठी. ह्याने आपलं सगळं आवरून टाकलंय आणि मला सांगायचा संकोच वाटतोय. बसमध्ये जाऊन बसले.

आणि घरी आल्यावर तुझं पत्र आलं. त्यात कोट.

कुठला कोट, रॉइस? तो कुठे ठेवला होतास? आणि तू कुठे होतास?

वर्ना


पोर्ट मार्लो
१८ डिसेंबर

प्रिय वर्ना,

कोट सोफ्यावर होता. आर्डिस बसायची त्या टोकाला. तेवढं मी खरं लिहिलं होतं.

मी घरी होतो. बाकं काढणार असं गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या आधीच कळवलं त्यांनी. टीव्हीचे पैसे आल्यावर म्हणे श्रीमंतांना बसायला नीट जागा हवी. आम्हाला जुने म्हणून वर, छपराखाली, दोन खुर्च्या देऊ केल्या. मी एकदा चढून बघून आलो. तिथून माणसं मुंगीएवढी दिसतात. खाली आलो आणि दोन्ही तिकिटं सोडून दिली. तो सामना तुमच्याकडे होता, त्यामुळे तुला कळायचं कारण नव्हतं. तुझ्या टेबलाशी बसून तुझं सूप प्यालो आणि गप्प राहिलो.

तेव्हापासून घरी बघतो, बाहेरगावचे सामने आर्डिस बघायची तसं. टीव्हीचा आवाज बंद आणि स्वयंपाकघरात रेडिओ चालू. रेडिओ पुढे असतो, चित्र मागून येतं. ती तिथून आधी ओरडायची आणि मी इथे बसून पुढे काय होणार ते माहीत असलेलं बघायचो. मी चिडायचो, ती हसायची. आता रेडिओ मीच लावतो आणि घरात कोणी ओरडत नाही.

मध्यंतरात टीव्हीवर टेबलामागे चार माणसं बसून बोलत होती. मग ट्रकच्या जाहिराती. मग परत चार माणसं. रेडिओवर गादीवाल्याची जाहिरात. मैदान एकदाही दाखवलं नाही. मला वाटलं, दाखवलं नाही म्हणजे झालंच नाही. जन्मभर स्टेडियमात बसलेला माणूस मी, दोन वर्षांत असा झालो.

आता तुला का सांगितलं नाही ते. आर्डिस गेल्यावर तू माझ्याकडे आलीस, ती तिच्या जागेवर बसायला. मी तुझ्याकडे आलो, तो सामना बघायला. ती गेली, आता सामनाही गेला. जागा गेली हे कळल्यावर तू कशासाठी येशील? बायकोची बहीण हे नातं बायको असेपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यानंतर मी तुझा कोण, हे मला नीट सांगता येत नाही. मला मूल नाही, भाऊ नाही. ह्या जगात ‘आर्डिस’ म्हटल्यावर कोण ते विचारणार नाही असं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून खोटं लिहिलं.

वॉल्ट्झ सावकाश वाजवला म्हणालीस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

रॉइस


लाइल क्रीक
६ जानेवारी २०२४

गाढवा,

तुला काय वाटलं, इतकी वर्षं मी त्या लाकडी बाकासाठी येत होते? त्याने माझी पाठ धरायची. फुटबॉल तर मला अजून धड कळत नाही. कधी टाळ्या वाजवायच्या ते आर्डिस मला कोपराने सांगायची.

तू मला खोटं सांगितलंस ह्याचा राग आहे, तो मार्चपर्यंत राहील. मी तुझ्या गावात येऊन तशीच परत गेले ह्याचाही आहे, तो माझा मला. आपण दोघं शहाणी माणसं, आणि एका संध्याकाळी हाकेच्या अंतरावर वेगवेगळे कुढत बसलो. आर्डिसला हे कळलं असतं तर ती आपल्या दोघांवर ओरडली असती आणि मग खो खो हसली असती.

यायचं तर ये. बर्फ वितळलं की ये.

वर्ना


पोर्ट मार्लो
३० एप्रिल

प्रिय वर्ना,

बर्फ वितळलं. गाडी पुसून ठेवली आहे. पण दोन आठवडे मी कॅलेंडरसमोर उभा राहतो आणि मला दिवस ठरवता येत नाही. हसू नकोस. जन्मभर तुझ्याकडे यायचा दिवस दुसऱ्या कोणीतरी ठरवला, आधी कॉलेजांनी आणि मग टीव्हीवाल्यांनी. नुसतं उठून कसं यायचं, हे मला माहीत नाही. शेजारी विचारतो, कुठे निघालास? लाइल क्रीकला. का, काय आहे तिथे? मी काय सांगू?

रॉइस


लाइल क्रीक
१५ सप्टेंबर

प्रिय रॉइस,

तू एप्रिलमध्ये आला नाहीस, जूनमध्ये आला नाहीस, आणि मग कापणी आली. आता मी सांगते.

आम्हाला शेवटी घेतलं. ज्यांनी घेतलं त्यांची नावं तू ऐकली नसशील. डोंगरातली चार-पाच लहान कॉलेजं. टीव्हीवाले आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्याचा परिणाम ऐक: सामने पुन्हा शनिवारी दुपारी एकला. कोणी दाखवतच नाही, मग वेळ बदलायची कोणाला? कालच्या सामन्यातून बाहेर आलो तर ऊन होतं. लोक मैदानाबाहेर नुसते उभे राहिले, कोणाला घरी जायची घाई नव्हती. मला इतकं बरं वाटलं, आणि तितकंच वाईट. हरलो, हे सांगायचं राहिलं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी मात्र आमचा सामनाच नाही. नव्या वेळापत्रकात तो दिवस मोकळा आहे. तेव्हा त्या शनिवारी ये. मुद्दाम त्याच दिवशी बोलावते. काही नसताना ये. शेजाऱ्याने विचारलं तर सांग, काही नाहीये.

वर्ना


पोर्ट मार्लो
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय वर्ना,

सुखरूप पोचलो. खिंडीत थोडं बर्फ होतं, पण रस्ता साफ होता. वाटेत एकाही गाडीवर झेंडा नव्हता, लाल नाही की निळा नाही.

तू दिलेले दालचिनीचे रोल मी वाटेत संपवले. थँक्सगिव्हिंगला एक ठेवायचा ठरवला होता, तोही राहिला नाही.

तुझ्याकडचे ते दोन दिवस मी मनातल्या मनात परत परत घालवतो. आपण काही केलं नाही. तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसवलं, आर्डिसच्या कबरीवर जाऊन आलो, शनिवारी दुपारी सूप केलं आणि एक वाजला तेव्हा दोघांनीही घड्याळाकडे बघितलं. तू म्हणालीस, खा आता. मी खाल्लं.

पण मला लिहायचं होतं ते दुसरंच. निघताना मी ते तुझ्याकडे बोललो नाही. आपण जेवत होतो तेव्हा तुझा शेजारी गॉर्डी शिडी मागायला आला. मला बघून दारातच थबकला. म्हणाला, हा तर पोर्ट मार्लोवाला. मग तुझ्याकडे वळून त्याने विचारलं, आज तर सामना नाही, पुढेही नाही, मग हा कशासाठी आलाय?

मी चमचा खाली ठेवला. ह्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर शोधत होतो आणि मला मिळालं नव्हतं. तू ताटातून मान वर काढली नाहीस. पावाला लोणी लावत होतीस. म्हणालीस, ‘घरी आलाय. शिडी मागच्या बाजूला आहे, घे.’

गॉर्डीने ‘बरं’ म्हटलं आणि तो शिडी घेऊन गेला. त्याला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

तुझा,
रॉइस